थोरल्या-धाकट्यांची मोटर

धाकट्यांची साठी उलटून गेली होती, गुडघे कुरकुरत होते, चष्म्याचा नंबर दर तपासणीला नवा निघत होता; तरी सोसायटीत सगळे त्यांना धाकटेच म्हणत. त्याला इलाज नव्हता. त्याच घरात, त्याच टेबलाशी, त्याच वर्तमानपत्राचं आतलं पान वाचत त्यांचे वडीलबंधू बसलेले असत, आणि ते थोरले होते. डोक्यावर थोरला भाऊ असेपर्यंत माणूस कितीही म्हातारा झाला तरी धाकटाच राहतो. या पदाचा राजीनामा देता येत नाही आणि त्यात बढतीही नसते.

एका सकाळी चहा पिताना थोरले पानाआडून म्हणाले, "महिनाअखेरीला लेकीकडे जाऊ म्हणतो. कायमचाच. काय म्हणतोस, जाऊ?"

धाकट्यांच्या पोटात एकदम खड्डा पडला. तो त्यांनी बिस्किटाने बुजवला आणि म्हणाले, "तुझी इच्छा असेल तर जा."

"हं," थोरले म्हणाले. मग बराच वेळ पान उलटलं नाही. "जाण्याआधी एकदा होडीतून पलीकडच्या काठाला जाऊन येऊ. आपण दोघंच."

"जाऊ की."

झालं. एका माणसाचं उरलेलं आयुष्य कुठे जायचं ते एवढ्या बोलण्यात ठरलं. त्या घरात महत्त्वाचं बोलणं असंच उरके. भाजी कोणती आणायची यावर मात्र दोघं भाऊ अर्धा तास घालवू शकत.

धाकट्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. भाऊजी आंघोळीला गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "राहा म्हणून एकदा तरी म्हणायचं."

"त्याला जायचंय. पोटच्या पोरीकडे जाणाऱ्या माणसाला मी कोण अडवणार?"

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"असं विचारतात का कोणी?"

यावर भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजली.

पलीकडच्या काठापर्यंत ही फेरी व्हायलाच हवी, असं मात्र धाकट्यांनी मनाशी घट्ट धरलं. भावाला अडवणं आपल्या हातात नाही. निदान त्याने मागितलेली एक गोष्ट तरी द्यावी. अडचण एकच होती. होडीची मोटर.

होडी दोघांनी तरुणपणी भागीत घेतलेली, आणि मोटर होडीहूनही जुनी, कुणीतरी वापरून कंटाळलेली. होडी तळ्याच्या धक्क्यावरच्या शेडमध्ये पालथी पडलेली असे आणि मोटर घराच्या गॅलरीत, जुन्या चादरीखाली. पाहुणे आले की त्यांना वाटे चादरीखाली कोणीतरी गुडघ्यात डोकं घालून बसलंय. कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. या मोटरची जात अशी, की तिच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, तेही बेताचं. पेट्रोल आणणं, तेल मोजून मिसळणं, टाकी भरणं ही कामं थोरल्यांची. दोरी ओढून मोटर सुरू करणं धाकट्यांचं, कारण त्यात खांदा दुखतो.

पूर्वी ती बरी चालायची. गेली काही वर्षं मात्र तिचं काहीतरी बिनसलं होतं. दोरी ओढली की खोकायची, निळा धूर सोडायची, चार हात पुढे जायची आणि एखाद्या रुसलेल्या पाहुण्यासारखी मध्येच थांबायची. मग पुन्हा दोरी, पुन्हा खोकला. शेवटी दोघं भाऊ हळूहळू तळ्याकडे जायचेच बंद झाले.

आता इथे धाकट्यांच्या स्वभावाबद्दल चार शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. धाकटे आयुष्यभर हिशेबतपासनीस होते. दुसऱ्याने केलेली बेरीज पुन्हा करून बघायची, याचाच त्यांना पगार मिळत असे. थोरले शाळेत चित्रकलेचे मास्तर. त्यांनी काढलेला आंबा पिवळा असला म्हणजे झालं. वहिनी गेल्यानंतर थोरल्यांचं चित्त थाऱ्यावर नसे. गॅस चालू राही, नळ वाहत राही, दिवा दिवसभर जळे. धाकटे कधी एका शब्दाने बोलले नाहीत. भावाचं मन दुखवण्यापेक्षा त्याच्या मागून जायचं आणि राहिलेलं गुपचूप करून टाकायचं, हा त्यांनी आपला धर्म ठरवला होता. आपण किती हळुवारपणे हे करतो याचं त्यांना मनातून थोडं कौतुकही होतं.

असो. मोटरची डागडुजी सुरू झाली ती कचेरीपासून, कारण आपल्याकडे काहीही तिथूनच सुरू होतं.

तळ्यात वल्ह्याची होडी घातली तर कोणी विचारत नाही. मोटर लावली की सरकारला तुमच्या जिवाची काळजी वाटू लागते. परवाना संपून गेला होता. तळ्याच्या कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "इंजिनाचा नंबर?"

नंबर नव्हता. म्हणजे होता, एका पितळी पट्टीवर. तो स्पष्ट दिसावा म्हणून थोरले दरवर्षी पट्टी काचकागदाने घासत, आणि इतक्या निष्ठेने घासत की शेवटी पट्टी लखलखीत राहिली आणि नंबर निघून गेला.

"नंबर नाही म्हणजे आमच्या लेखी इंजिनच नाही," कारकून म्हणाला. "इंजिन नाही म्हणजे ही वल्ह्याची होडी. तिला परवाना लागत नाही."

"मग तशीच नेऊ?"

"नेलीत तर विनापरवाना इंजिन चालवलं म्हणून दंड होईल."

"पण इंजिनच नाही म्हणालात."

"आमच्या लेखी नाही. तुमच्याकडे आहे ना?"

आयुष्यभर इतरांच्या चुका काढलेल्या धाकट्यांना या युक्तिवादात चूक सापडेना, आणि हा त्यांच्या अभिमानाला बसलेला पहिला धक्का होता. शेवटी कारकुनाने मेहेरबानी म्हणून मार्ग सांगितला. तपासनीस साहेबांसमोर इंजिन पाण्यात चालवून दाखवायचं; ते चालतं असं त्यांनी लिहून दिलं की नवा नंबर मिळेल.

"म्हणजे तळ्यात चालवून दाखवायचं?"

"तळ्यात कसं चालवाल? परवाना कुठाय?" कारकुनाने खांदे उडवले. "नियमात पाणी म्हटलंय. तळं म्हटलेलं नाही."

म्हणून पिंप आलं. ते एका रंगाऱ्याकडून उसनं आणलेलं होतं, आणि आत अजून फिकट हिरवा रंग होता. इमारतीच्या खाली, गाड्या लावायच्या जागेत ते ठेवलं, पाण्याने भरलं, काठावर लाकडी फळी घट्ट बांधली आणि मोटर त्या फळीला लटकवली. पाणी भरता भरता सोसायटीचे सेक्रेटरी खाली उतरले. त्यांना कोणत्याही पिंपाचा वास चौथ्या मजल्यावर येतो.

"इथे फक्त वाहनं लावायची असतात," ते म्हणाले.

"हे वाहनच आहे. पाण्यावरचं."

"मग पाण्यावर लावा."

धाकट्यांनी पिंपाकडे बोट दाखवून ते पाण्यावरच लावलंय, असं नम्रपणे सांगितलं. सेक्रेटरी निरुत्तर झाले, आणि निरुत्तर झालेला सेक्रेटरी फार घातक असतो, हे धाकट्यांना नंतर नोटिसांच्या फळ्यावरून समजलं.

तपासणीच्या दिवशी सकाळीच थोरल्यांनी टाकी तयार ठेवली आणि खुर्ची घेऊन पिंपाशेजारी बसले. जाणाऱ्या माणसाचा चेहरा उतरलेला असतो असं म्हणतात. पण थोरले अलीकडे कधी नव्हते इतके रंगात आले होते. धाकट्यांना ते बघून वाईट वाटलं. लेकीकडे जायचा आनंद एवढा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दोरी ओढली. मोटर खोकली, गुरगुरली आणि चालू झाली. चालू झाली म्हणजे धूर झाला. निळा, जाड, तेलकट धूर पिंपाभोवती दाटला, गाड्यांवरून सरकला आणि जिन्याने सावकाश वर चढला. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी वाळत घातलेले कपडे ओढून घेतले. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी गॅस बंद करून बाहेर आलं. तपासनीस साहेब फाटकाशी येऊन थांबले. नाकाला रुमाल लावून त्यांनी लांबूनच विचारलं, "चालतंय का?"

"चालतंय," धाकटे धुरातून ओरडले.

"आवाज येतोय," साहेबांनी मान्य केलं, आणि फाटकाच्या खांबावर कागद ठेवून सही करून टाकली. मोटर त्यांना दिसली नाही ती नाहीच. साहेब वळले न वळले तोच ती बंद पडली. पण नियमाला एवढं पुरलं.

परवाना मिळाला, मोटर मात्र होती तशीच राहिली. आणि आता सगळ्या इमारतीला तिचं दुखणं माहीत झालं होतं. दुखणं माहीत झालं की सल्ले येतात. तळमजल्यावरचे साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारे डॉक्टर पाठीमागे हात बांधून पिंपाभोवती फिरले आणि विचारू लागले, "त्रास सकाळी जास्त होतो की संध्याकाळी? थंडीत वाढतो का? तहान कशी आहे?"

"तहान जबर आहे," थोरले म्हणाले.

डॉक्टरांनी गंभीरपणे मान हलवली. दुखणं जुनाट आहे, वरवरचे उपाय करू नका, मूळ स्वभाव बघा, असं सांगून ते गेले. डॉक्टरांचं सगळ्या रोगांवर हेच निदान असे. या खेपेला ते बरोबर होतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग सोसायटीतले कॅप्टन आले. हे खरोखरच नौदलात होते, पण कोठारात; ब्लँकेटं मोजण्यात त्यांची सगळी नोकरी जमिनीवर गेलेली. "पंखा," ते म्हणाले. पंखा काढून घासला. फरक पडला नाही. "मग नळी," ते म्हणाले. नळी बदलली. "मग कार्बुरेटर," असं म्हणून त्यांनी कार्बुरेटर स्वतःच्या हाताने उघडला. एक बारीक स्प्रिंग उडाली आणि सेक्रेटरींच्या गाडीखाली गेली. ती शोधायला धाकटे पालथे झोपलेले असताना सेक्रेटरी गाडी काढायला आले. निवृत्त हिशेबतपासनिसाने दुसऱ्याच्या गाडीखाली पोटावर पडून स्वतःच्या सचोटीची ग्वाही देणं, हा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

शेवटी मोटर हातगाडीवर घालून कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने प्लग काढला. तो काळाकुट्ट आणि ओलाचिंब होता. त्याने नवा घातला, स्वतःच्या डब्यातलं तेल मिसळलेलं पेट्रोल ओतलं, मोटर त्याच्या हौदात बुडवली आणि दोरी ओढली. ती पहिल्या ओढीला सुरू झाली आणि एखाद्या शिलाई मशिनसारखी चालत राहिली. धूर औषधालाही नव्हता.

थोरले धाकट्यांकडे बघून चक्क हसले. घरी आणली, आपली टाकी जोडली, दोरी ओढली. खोकला, धूर, शांतता. प्लग काढून बघितला तर काळाकुट्ट, ओलाचिंब.

पुन्हा हातगाडी. गॅरेजमध्ये पुन्हा शिलाई मशीन. घरी पुन्हा दमा. परक्याच्या घरी गुणी आणि आपल्या घरी हट्टी अशी मुलं असतात, तशातली ही मोटर असावी, असं शिक्षिकाबाई वरून म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला गॅरेजवाल्याने हात पुसत सांगून टाकलं, "मोटर चांगली आहे काका. तुमच्याच घरात काहीतरी आहे."

हे धाकट्यांना फार लागलं. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "आमच्या घरात काहीतरी आहे म्हणे. घरात काय असणार?"

बायको पोळ्या लाटत होती. "मला विचारताय?" ती म्हणाली. "या घरात काय आहे ते सांगायला बसले तर पोळ्या करपतील."

थोरल्यांची बॅग भरून होत आली. खोलीच्या भिंतीवरून चित्रं उतरली आणि जिथे ती होती तिथे भिंतीचा मूळ रंग चौकोनी दिसू लागला. धाकटे त्या खोलीवरून जाताना दुसरीकडे बघत. मोटर सुधारायला वेळ उरला नव्हता. लेक न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी, होईल ते होईल म्हणून दोघं भाऊ मोटर रिक्षात घालून तळ्यावर गेले.

शेडच्या राखणदाराने होडी पाण्यात लोटून दिली. वल्हं एकच होतं. दुसरं गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू म्हणून गेली कित्येक वर्षं नोकरी करत होतं आणि घाईत त्याची आठवणच राहिली नाही. थोरले पुढे बसले, धाकटे मागे मोटरशी. आभाळ भरून आलेलं होतं, पण पडत नव्हतं. तळ्याचं पाणी शिशासारखं दिसत होतं. मोटर सुरू झाली, धुराचा पडदा उभा राहिला, काठ दिसेनासा झाला, आणि होडी निघाली. तळ्याच्या बरोबर मध्यावर जाऊन ती थांबली. आजवर मोटर काठाजवळ बंद पडायची. त्या मानाने ही प्रगतीच म्हणायची.

धाकट्यांनी दोरी ओढली. खांद्यातून कळ येईपर्यंत ओढली. मग वल्हं घेतलं. एका वल्ह्याने होडी चालत नाही, फिरते. तिने दोघांना तळ्याचा सगळा काठ एकदा नीट दाखवला आणि पुन्हा होती तिथे आणून सोडलं. थोरले पलीकडच्या काठाकडे टक लावून बसले होते. तो काठ अजून बराच लांब होता.

हा विसरलाच असणार, धाकट्यांना वाटलं. एवढी गडबड, बॅगा, औषधं. त्यात तेल कुठून आठवणार? सकाळी आपण गुपचूप घातलेलंही कमी पडलं असेल. भावाचं लक्ष तिकडे आहे असं बघून त्यांनी हळूच पिशवीतून खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली काढली, टाकीचं झाकण फिरवलं आणि बाटली तिरकी केली.

"हे काय आहे?" थोरल्यांनी विचारलं. ते वळून बघत होते.

"काही नाही."

"तेल आहे ते."

धाकट्यांनी बाटली सरळ केली. पण तेल ते तेलच दिसत होतं.

"मी घातलंय तेल," थोरले म्हणाले. "सकाळी. मोजून."

"असेल. म्हटलं, चुकून राहिलं असेल तर..."

"आणि आधी? पिंपात चालवली तेव्हा?"

धाकटे बाटलीचं झाकण लावू लागले. हिशेबतपासनिसाला उलटतपासणीची सवय असते, पण दुसऱ्या बाजूने.

"तेव्हाही तू घातलंस," थोरले म्हणाले. "मी घातल्यावर पुन्हा. केव्हापासून?"

"वहिनी गेली तेव्हापासून," धाकटे म्हणाले. "तुझं लक्ष नसायचं कशात. तुला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं."

पाणी होडीच्या अंगावर हलकेच आपटत होतं. मोटर का खोकत होती, प्लग का भिजत होता, गॅरेजमध्ये ती शहाणी का व्हायची, हे सगळं दोघांना एकदम कळलं. इतकी वर्षं ती बिचारी दुप्पट तेल पिऊन जमेल तेवढं चालत होती. धाकट्यांना वाटलं आता थोरले हसतील. ते हसले नाहीत.

"गॅस विसरलो असेन," ते म्हणाले. "नळ विसरलो, दिवा विसरलो. सगळं मान्य. तेल मी कधीही विसरलो नाही. होडीवर यायचं म्हटलं की मला सगळं आठवायचं."

"मला काय माहीत?"

"तू विचारलंस कुठे? माझ्या मागून येतोस, बटणं दाबतोस, नळ पिळतोस. मला दिसत नाही असं वाटतं तुला? रोज रात्री अंथरुणावर पडलो की तू पुन्हा जाऊन दाराची कडी बघतोस, तो आवाज येतो मला." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं, असं धाकट्यांना वाटलं. "म्हटलं, आपण जड झालो याला. बोलत नाही बिचारा, पण किती दिवस माझ्या मागे फिरणार? म्हणून लेकीला फोन केला."

धाकट्यांनी बाटली खाली ठेवली. "म्हणजे तुला जायचं नव्हतं?"

"तुला विचारलं होतं ना मी, जाऊ का म्हणून. तू म्हणालास, इच्छा असेल तर जा."

"मला वाटलं, तुला जायचंय."

"मला वाटलं, तू राहा म्हणशील."

आयुष्यात पहिल्यांदा धाकट्यांनी पुन्हा न तपासता एक वाक्य बोलून टाकलं. "मग नको जाऊस दादा. मला नाही करमायचं. तुझ्याशिवाय त्या घरात मी कधी राहिलेलोच नाही."

थोरल्यांनी तोंड फिरवलं. ते म्हणाले, "आता उशीर झाला. पोरीने माझ्या गुडघ्यांसाठी तळमजल्याचं घर घेतलंय. आधीचं चांगलं होतं, ते सोडलं. जावयाला कामावर जायला लांब पडतंय. एवढं त्यांनी केल्यावर आता मी नाही म्हणू? तिला काय वाटेल?" मग त्यांनी धाकट्यांकडे बघितलं. "तिच्यासमोर यातलं काही बोलायचं नाही. शब्द दे मला."

"दादा..."

"शब्द दे."

धाकट्यांनी शब्द दिला.

थोरल्यांनी डब्यात जादा पेट्रोल आणलेलं होतं, बिनतेलाचं. टाकीत दुप्पट तेल आहे म्हटल्यावर त्यात साधं पेट्रोल घातलं की प्रमाण आपोआप जुळतं; चित्रकलेच्या मास्तरला रंग पातळ करायला शिकवावं लागत नाही. त्यांनी मोजून ओतलं. धाकट्यांनी मोजताना बघितलं नाही, मुद्दाम पाठ फिरवून प्लग पुसत बसले. दोरी ओढली. मोटर दोनदा गुरगुरली, उरलासुरला धूर बाहेर टाकला आणि मोकळ्या, स्वच्छ आवाजात चालू लागली.

ती इतकी सुंदर चालली की दोघांचा विरस झाला. पलीकडचा काठ, जो तरुणपणी तासभर लांब वाटायचा, तो बघता बघता समोर आला. तिथे उतरण्यासारखं काही नव्हतं, दगड आणि झुडपं. थोरल्यांनी एका दगडाला हात लावला आणि म्हणाले, "चल." परत येताना धाकट्यांनी वेग अगदी कमी केला. मोटर कुठे तरी बंद पडेल अशी त्यांना आशा होती. ती पडली नाही.

दुसऱ्या दिवशी पुतणी गाडी घेऊन आली. चहा झाला, सामान खाली गेलं. शेजारी निरोप द्यायला जिन्यात जमले. डॉक्टरांनी प्रवासासाठी गोळ्या दिल्या, आणि सेक्रेटरींनी आज गाडी फाटकासमोर उभी करायला परवानगी दिली. त्यांच्या बाजूने तो हुंदकाच होता. थोरले दाराशी खुर्चीत बसून बूट घालत होते. तेवढ्यात पुतणी धाकट्यांजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काका, एक विचारू? बाबांना मनापासून यायचंय ना? की मी बोलावलं म्हणून मन मारून येतायत?"

"असं का विचारतेस?"

"त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, तुमच्याकडे काही झालं असेल. मी विचारलं नाही. पण काल रात्री फोनवर त्यांचा आवाज बरा नव्हता. तसं असेल तर सांगा, काका. घराचं काही नाही, भाड्याचंच आहे. यांना तर आधीचंच सोयीचं होतं, आम्ही परत जाऊ तिकडे. बाबा इथे सुखात असतील तर मी कशाला हलवू त्यांना?"

हलक्या आवाजात विचारलेला प्रश्न लहान घरात सगळ्यांना ऐकू जातो. थोरल्यांचा नाडी बांधणारा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही. धाकट्यांची बायको पाण्याची बाटली हातात धरून तिथेच उभी राहिली. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. ज्या अडचणीसाठी शब्द घेतला ती अडचण नव्हतीच, हे धाकट्यांना स्पष्ट दिसत होतं. एक 'नाही' म्हणायचं होतं. पण शब्द दिलेला. आणि दादा समोरच बसलाय, त्याने ऐकलंय, आता तोच बोलेल, त्याच्या तोंडचं आपण कशाला काढून घ्यायचं, असं त्यांना वाटलं. त्यांनी थांबून बघितलं. थोरले बुटाकडेच बघत होते.

"छे छे," धाकटे म्हणाले. "मन कसलं मारतोय? केव्हाचा तयार होऊन बसलाय."

पुतणी वळली. "हो ना, बाबा?"

थोरल्यांनी क्षणभर धाकट्यांकडे बघितलं. मग नाडीची गाठ मारली, ती घट्ट आहे ना ते ओढून बघितलं.

"हो तर," ते म्हणाले. "काकाला काय विचारतेस? मला विचार."

पुतणीने मान डोलावली. तिला बरं वाटलं की वाईट, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिने राहिलेली पिशवी उचलली.

खाली गाडीत बसल्यावर थोरल्यांनी काच खाली केली. धाकटे जवळ जाऊन वाकले. दोघांनाही काहीतरी बोलायचं होतं, हे जिन्यातल्या शेजाऱ्यांनाही दिसत होतं.

"टाकी उन्हात ठेवू नकोस," थोरले म्हणाले.

"नाही ठेवत."

गाडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावर गॅरेजपाशी वळली आणि दिसेनाशी झाली. शेजारी आपापल्या मजल्यांवर गेले. धाकटे आणि त्यांची बायको तेवढी खाली राहिली.

"तुम्ही असं का सांगितलंत तिला?" तिने विचारलं.

"शब्द दिला होता."

"कोणाला?"

"त्यालाच. काल, होडीत."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि रागही होता.

"इतक्या वर्षांत त्यांच्या कुठल्या गोष्टीवर तुम्ही विश्वास ठेवलात?" ती म्हणाली. "आणि ही एक तेवढी जशीच्या तशी ऐकलीत."

ती जिना चढून वर गेली. धाकटे कोपऱ्याकडे बघत तिथेच उभे राहिले. थोड्या वेळाने सेक्रेटरींनी चौथ्या मजल्यावरून खाली वाकून, आता फाटक लावून घ्या, असं सांगितलं, तेव्हा त्यांनी ते लावलं.